वाचक विचारतात: हात पसरून उभा असलेला तो फादर कोण?

मागच्या अंकात मेक्सिकोच्या फादर मिगेल प्रो यांच्यावर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि सोबत त्यांचा तो फोटो छापला होता, दोन्ही हात क्रुसासारखे पसरून बंदुकांसमोर उभे असलेले. चार ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सदराची सगळी पानं फादर प्रोंनाच दिलीत. मी कित्येक वर्षं या माणसाबद्दल हाताला लागेल ते वाचत आलेय, त्यामुळे उत्तर कुठे लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, फोटोतला माणूस तर सूट घातलेला दिसतोय. फादर असेल तर झगा कुठेय? आणि गोळ्या घालतानाचे फोटो कोणाला काढू कसे दिले?

दादा, झगा नाही कारण तेव्हा मेक्सिकोत फादरने झगा घालून रस्त्यावर येणं हाच गुन्हा होता, ५०० पेसो दंड. म्हणून फादर प्रो शेवटपर्यंत साध्या कपड्यातच वावरले आणि अटक झाली तेव्हा जे अंगावर होतं त्याच कपड्यात गेले.

फोटोचं म्हणाल तर ते चोरून काढलेले नाहीत. सरकारने स्वतः पत्रकार आणि फोटोग्राफर बोलावून घेतले होते. २३ नोव्हेंबर १९२७ ची सकाळ, मेक्सिको सिटीतलं पोलीस मुख्यालय, मागचं आवार. तिथे पोलीस नेमबाजीचा सराव करायचे, म्हणून मागे ओंडक्यांची भिंत आहे आणि माणसाच्या आकाराची टार्गेट उभी आहेत. एकच फोटो नाही, मालिकाच आहे. एकात ते चालत येताना दिसतात, एकात गुडघे टेकून प्रार्थना करताना, कारण शेवटची इच्छा काय असं विचारल्यावर त्यांनी प्रार्थनेला थोडा वेळ मागितला. मग ते उठले, डोळ्यांवर पट्टी नको म्हणाले, एका हातात छोटा क्रूस, दुसऱ्या हातात जपमाळ, आणि हात पसरले. देव तुमच्यावर दया करो, देवा तुला माहीत आहे मी निर्दोष आहे, माझ्या शत्रूंना मी मनापासून क्षमा करतो, असं बोलून झाल्यावर शेवटचे शब्द होते ‘व्हिवा क्रिस्तो रे’, म्हणजे ख्रिस्तराजाचा जय असो. ओरडून नाही, स्पष्ट आवाजात. गोळ्या लागून ते पडले पण जीव गेला नव्हता, मग एका शिपायाने जवळून गोळी घातली, त्याचाही फोटो आहे आणि तो मी इथे मुद्दाम छापलेला नाही.

राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलियास कायेस यांना वाटलं होतं की फादरचं मरण पेपरात छापून आलं की बंड करणाऱ्या कॅथलिकांची पाचावर धारण बसेल. झालं उलटंच. लोकांनी तेच फोटो कापून घरात देवापाशी लावले. ज्यांना भीती घालायची होती त्यांच्या हातात सरकारनेच त्यांच्या हुतात्म्याचं चित्र दिलं, आणि मग हे फोटो बाळगणाऱ्यांवरच सरकारचा डोळा राहू लागला.

प्रश्न: मी कॉलेजमध्ये इतिहास शिकतेय. मेक्सिको तर कॅथलिकांचाच देश ना, मग तिथलंच सरकार चर्चच्या मागे का लागलं? आणि तुम्ही ‘युद्धकाळ’ म्हणालात ते कुठलं युद्ध?

छान प्रश्न, आणि याचं उत्तर एका बाजूने देऊन चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोत चर्चकडे प्रचंड जमीन होती, शाळा त्यांच्या, जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांच्या, आणि राजकारणात चर्चचे वरचे लोक बऱ्याचदा श्रीमंतांच्या आणि जुन्या व्यवस्थेच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे सुधारणावादी लोकांचा चर्चवर राग होता आणि त्यातला काही राग बिनबुडाचा नव्हता हे आपण कॅथलिकांनी मान्य करायला हवं. पुढे १९१० ला क्रांती सुरू झाली, १९१७ ला नवी घटना आली, आणि त्या घटनेतल्या कलमांनी चर्चचे हातपायच बांधले. कलम ३ ने शिक्षण धर्मापासून तोडलं, कलम ५ ने मठ आणि संन्यासी संघ बंद, कलम २४ ने चर्चच्या इमारतीबाहेर उपासना बंद, कलम २७ ने चर्चची सगळी मालमत्ता सरकारची, आणि कलम १३० ने फादरांचा मतदानाचा हक्क गेला, सरकारवर टीका करायची नाही आणि राज्यात किती फादर असावेत हे राज्य सरकार ठरवणार.

ही कलमं काही वर्षं बरीचशी कागदावरच होती. कायेसनी १९२६ च्या जूनमध्ये कायदा करून त्यांना दात दिले, कशाला किती दंड, कशाला किती तुरुंग. सरकारवर टीका केली तर फादरला पाच वर्षं. तबास्को राज्यात तर फादर म्हणून काम करायचं असेल तर लग्न केलेलं असलं पाहिजे असा नियम होता, आता कॅथलिक फादरला लग्न कर सांगणं म्हणजे तू फादर राहू नकोस सांगणंच झालं की नाही. यावर मेक्सिकोच्या बिशपांनी न भूतो असा निर्णय घेतला, ३१ जुलै १९२६ नंतर देशभरात चर्चमधली सार्वजनिक उपासना बंद. म्हणजे चर्चचे दरवाजे उघडे, लोक आत बसून जपमाळ करतात, पण वेदीवर फादर नाही, मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, नाही, बाप्तिस्मा नाही, मरणाऱ्याला शेवटचं तेल नाही.

खेड्यापाड्यातल्या लोकांना हे सहन झालं नाही आणि त्यांनी शस्त्रं उचलली. त्यांनाच क्रिस्तेरो म्हणतात, ‘क्रिस्तो रे’ वरून. हे युद्ध १९२६ ते १९२९ चाललं, दोन्हीकडची मिळून ९० हजारांच्या आसपास माणसं गेली असं साधारण मानतात. सैन्याने क्रिस्तेरोंना तारेच्या खांबांवर लटकवलं, ते फोटोही आजवर आहेत. आणि क्रिस्तेरोंचे हातही स्वच्छ नव्हते, एप्रिल १९२७ मध्ये त्यांनी एका ट्रेनवर हल्ला करून ती जाळली, त्यात साधे प्रवासी मेले, आणि त्या हल्ल्याच्या पुढाऱ्यांत एक फादरही होता. हे लपवून फादर प्रोंची गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. फादर प्रो त्या लढाईत कुठेच नव्हते. त्यांनी कधी बंदूक हातात घेतली नाही. ते राजधानीत होते, आणि काय करत होते ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: चर्चमध्ये मिस्सा बंद होती तर हे फादर लपून काय करत होते? आमच्या वाचनात ‘वेषांतर करून फिरायचे’ असं आलंय, ते खरं की भक्तांनी रचलेलं?

खरंय, आणि बरंचसं त्यांच्या स्वतःच्या पत्रांतून कळतं.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. मिगेलचा जन्म १३ जानेवारी १८९१ चा, साकातेकास राज्यातल्या ग्वादालुपे गावचा. वडील खाणीचे इंजिनिअर, त्यामुळे बालपण कन्सेप्सियोन देल ओरो या खाणीच्या गावात गेलं आणि खाणकामगारांची भाषा, त्यांच्या शिव्या, त्यांची थट्टामस्करी सगळी पोराच्या जिभेवर बसली. लहानपणी एकदा तो पडून बेशुद्ध झाला आणि शुद्धीवर आल्यावर आईकडे आधी काय मागितलं तर ‘कोकोल’, तिकडचा गोड पाव, तेव्हापासून घरात त्याचं नावच कोकोल पडलं, असं घरचे सांगायचे. १९११ मध्ये तो येशूसंघात, म्हणजे जेझुइट फादरांच्या संघात, गेला. १९१४ मध्ये क्रांतीच्या धुमाकुळात तिथून सगळ्यांना पळावं लागलं, मग कॅलिफोर्निया, स्पेन, निकाराग्वा, परत स्पेन आणि शेवटी बेल्जियम. ३१ ऑगस्ट १९२५ ला बेल्जियममधल्या एंगियन इथे गुरुदीक्षा होऊन ते फादर झाले, घरचं एकही माणूस समोर नसताना. जुलै १९२६ मध्ये ते व्हेराक्रूझ बंदरावर उतरले, म्हणजे उपासना बंद व्हायला तीनच आठवडे शिल्लक होते. त्या तीन आठवड्यांत कन्फेशनला, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली द्यायला, इतकी झुंबड उडाली की आजारातून नुकते उठलेले फादर प्रो कन्फेशनच्या खुर्चीतच चक्कर येऊन पडले.

आणि मग दरवाजे बंद झाले. त्यांनी शहरात काही घरं ठरवली, त्यांना ते स्टेशन म्हणायचे. रोज पहाटे वेगवेगळ्या स्टेशनवर ठराविक लोक जमणार आणि फादर येऊन ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून घेतात ती पवित्र भाकर, देणार. रोजचे साधारण तीनशे जण, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हजाराच्या वर. सायकलवरून हिंडायचे. कधी मेकॅनिकच्या कपड्यात, कधी भिकारी, कधी हातात छडी घेतलेला छानछोकी तरुण. मिस्सा, बाप्तिस्मा, लग्नं, मरणाऱ्यांना शेवटचे संस्कार, कामगारांना आणि ड्रायव्हरांना प्रवचनं, आणि त्याशिवाय ज्यांचा कमावता माणूस तुरुंगात होता किंवा कामावरून काढला होता अशा घरांना धान्य पोचवायचं, भाडं भरायचं. हे दुसरं काम त्यांच्या चरित्रात फार पुढे येत नाही, मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटतं. अशा जवळजवळ शंभर कुटुंबांचा भार हा एक माणूस लोकांकडून मागून मागून उचलत होता, स्वतःच्या खिशात काही नसताना.

एका पहाटेची हकीकत त्यांनी पत्रात लिहिलीय. एका घरात ख्रिस्तप्रसाद देणं चालू होतं, तेवढ्यात कामवाली धावत आली, पोलीस आले पोलीस आले. बायकांचे चेहरे पांढरे पडले. फादर म्हणाले, शांत व्हा, डोक्यावरचे पदर काढा, वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन बसा, आवाज करू नका. पवित्र भाकर छातीशी कपड्यात लपवली, अंगात कोट, डोक्यावर टोपी, तोंडात सिगरेट, आणि स्वतःच जाऊन पोलिसांसमोर उभे. इथे उपासना चाललीय, पोलीस म्हणाले. छे हो, कोणी सांगितलं. आम्ही फादरला आत जाताना बघितलंय. मग फादरच म्हणाले चला पैज लावू, इथे एकही फादर सापडणार नाही, आणि स्वतः बरोबर फिरून एकेक खोली दाखवली. आपल्याबरोबर कोण चाललंय ते शेवटपर्यंत पोलिसांना कळलं नाही. ते दारावर पहारा ठेवून फादर यायची वाट बघत बसले. फादर पुढच्या स्टेशनांवर जाऊन आले, नंतर याच घरी परत आले आणि राहिलेल्यांना ख्रिस्तप्रसाद दिला.

या गोष्टीत लोकांना पोलिसांच्या डोळ्यात फेकलेली धूळ आवडते, साहजिकच आहे. मला नेहमी ते परत येणं आठवतं. वाचला होता ना जीव, मग त्या दिवशी परत त्या घरी कशाला जायचं? पण आत काही लोक उपाशी राहिले होते, त्यांच्या दृष्टीने उपाशीच, आणि एवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

डिसेंबर १९२६ मध्ये एकदा पकडलेही गेले होते. कॅथलिकांनी राजधानीवर शेकडो फुगे सोडले आणि त्यातून पत्रकं खाली पडली, त्यावरून धरपकड झाली, त्यात फादर प्रोही सापडले आणि लवकर सुटले. फादर आहेत हे तेव्हा पोलिसांना कळलं असतं तर सुटले नसते. घरच्यांना आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांवर मात्र या काळात सही असायची ‘कोकोल’, आईकडे मागितलेल्या त्या पावाच्या नावाने.

प्रश्न: माझे एक मित्र म्हणतात की हे फादर बॉम्बस्फोटाच्या केसमध्ये होते, म्हणून सरकारने मारलं, धर्माचा काही संबंध नाही. खरं काय?

तुमच्या मित्राला दोष देत नाही, सरकारने तेव्हा हेच सांगितलं होतं. पण काय घडलं ते क्रमाने बघा.

१३ नोव्हेंबर १९२७, रविवार. माजी राष्ट्राध्यक्ष आल्व्हारो ओब्रेगोन, जे पुन्हा निवडणुकीला उभे होते, चापुलतेपेक बागेत गाडीतून चालले होते. मागून एक एसेक्स गाडी आली आणि तिच्यातून बॉम्ब फेकले. ओब्रेगोनना किरकोळ लागलं. हल्ल्याचा सूत्रधार होता लुईस सेगुरा व्हिल्चिस नावाचा तरुण इंजिनिअर. तो हल्ल्यानंतर शांतपणे बैलांच्या झुंजीच्या मैदानात गेला आणि ओब्रेगोनच्या नजरेला पडेल असा बसला, म्हणजे वेळ आली तर खुद्द ओब्रेगोनच साक्ष देतील की हा तेव्हा माझ्यासमोर होता.

पोलिसांना सापडली ती गाडी. आणि ती गाडी काही दिवसांपूर्वीपर्यंत फादर प्रोंचा भाऊ उंबेर्तो याच्याकडे होती, त्याने ती विकून टाकली होती. उंबेर्तो आणि धाकटा रोबेर्तो हे दोघं कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत काम करायचे हेही खरं. एवढा धागा पुरला. १८ नोव्हेंबरच्या पहाटे तिघे भाऊ उचलले गेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, इथे तर सुकं काय नि ओलं काय हे बघायचीच कोणाला गरज वाटली नाही.

आता ऐका. आपल्यामुळे प्रो भाऊ अडकलेत हे सेगुरा व्हिल्चिसच्या कानावर गेलं, ते निर्दोष आहेत त्यांना सोडणार असाल तर खरं सांगतो असं म्हणून त्याने सगळं कबूल केलं. जो माणूस सहज सुटू शकला असता त्याने निर्दोषांसाठी स्वतःची मान पुढे केली. बॉम्ब फेकणं चूकच आणि मी त्याचं समर्थन करत नाही, पण ही कबुली वाचताना माझा घसा दाटून येतो. म्हणजे गुन्हेगार सापडला होता, त्याने नावासकट सगळं सांगितलं होतं, आणि तरीही फादर प्रोंना सोडलं नाही. केस उभी राहिली नाही, वकील नाही, साक्षीपुरावा नाही, निकाल नाही. पोलीसप्रमुख जनरल रोबेर्तो क्रूझ याने पुढे म्हातारपणी सांगितलं की निदान कायद्याचं काहीतरी रूप द्यावं असं आपण सुचवलं होतं पण कायेसना ते नको होतं. कायेसना गोळ्या झाडलेल्या हव्या होत्या.

२३ तारखेला आधी फादर मिगेल, मग सेगुरा व्हिल्चिस, मग उंबेर्तो, मग हल्ल्यात धरलेला हुआन तिरादो हा कामगार, एकामागोमाग एक त्याच भिंतीसमोर. रोबेर्तोचा नंबर होता पण अर्जेंटिनाच्या राजदूतांनी ऐनवेळी शब्द टाकला आणि तो वाचला, नंतर त्याला देशाबाहेर पाठवलं. फादरना कोठडीतून नेणाऱ्या पोलिसांपैकी एकाने वाटेत त्यांची माफी मागितली. फादर म्हणाले, माफी तर आहेच, वर तुझे आभारही मानतो.

मग धर्माचा संबंध काय? त्या जागी त्याच संशयावरून धरलेला दुसरा कोणी असता तर कदाचित कोर्टात उभा राहिला असता. फादर होता म्हणून फोटोग्राफर बोलावले गेले. मित्राला एवढंच विचारा, साध्या गुन्हेगाराला मारायला पत्रकार कशाला बोलवायचे?

प्रश्न: मी गेली सहा वर्षं आजारी आहे, बाहेर जाणं होत नाही. तुम्ही लिहिलं होतंत की हे फादर फार हसरे होते. मला हुतात्म्यांच्या गोष्टी वाचताना नेहमी वाटतं की ही माणसं आपल्यासारखी नसतातच, त्यांना दुखत नाही. फादर प्रोंना दुखायचं का?

काकू, दुखायचं. खूप दुखायचं. त्यांना पोटाचा अल्सर होता, बेल्जियममध्ये एकामागोमाग ऑपरेशनं झाली आणि त्यातून ते धड बरे झालेच नाहीत, खरं तर तब्येतीमुळेच त्यांना मेक्सिकोला परत पाठवलं. तिथे हॉस्पिटलमध्ये पडलेले असतानाच, १९२६ च्या सुरुवातीला, आई गेल्याची बातमी आली. बारा वर्षं आईला बघितलं नव्हतं आणि काही महिन्यांत घरी जाणार होते.

बरोबरचे लोक सांगायचे की मिगेल सगळ्यांत जास्त गमती करायला लागला की समजायचं आज त्याचं पोट जास्त दुखतंय. मला वाटतं हे वाक्य तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल. गिटार वाजवायचे, लोकांची व्यंगचित्रं काढायचे, नकला करायचे, आणि काही वरिष्ठांना सुरुवातीला हा फारच थिल्लर वाटायचा. पण एकटा असला की तासन्तास प्रार्थनेत असायचा, हेही त्यांच्याच लक्षात आलं.

बेल्जियममधला एक प्रसंग तुमच्यासाठी. ते ट्रेनमध्ये चढले तर डबा खाणकामगारांनी भरलेला, आणि हा झगा घातलेला फादर बघून ते म्हणाले, आम्ही सोशालिस्ट आहोत, माहीत आहे ना? फादर म्हणाले मीही सोशालिस्ट. ते गोंधळले. एकजण म्हणाला आम्ही तर कम्युनिस्ट, भीती नाही वाटत? फादर म्हणाले, वा, मीही कम्युनिस्ट, आणि एक वाजलाय, मला भूक लागलीय, तुमच्या डब्यात जे काय असेल ते वाटून खाऊया. सगळा डबा हसायला लागला. उतरताना त्या लोकांनी त्यांना चॉकलेट घेऊन दिलं. खाणीच्या गावात वाढलेलं पोर होतं ते, त्या हातांची आणि काळ्या नखांची त्याला सवय होती, शार्लरोआच्या खाणींवर तर मुद्दाम जायचे.

आणि भीतीबद्दल. ते हुतात्मा व्हायची इच्छा पत्रांतून बोलून दाखवायचे हे खरंय, पण म्हणून मुद्दाम मरायला धावले नाहीत. टॅक्सीच्या मागे पोलीस लागले तेव्हा चालत्या टॅक्सीतून उडी टाकली, टोपी फेकून दिली आणि झाडाला टेकून निवांत उभे राहिले, पोलिसांची गाडी समोरून निघून गेली. एकदा पाठलाग होत असताना रस्त्यात दिसलेल्या ओळखीच्या बाईला खुणेने सांगून तिचा हात हातात घेतला आणि प्रेमी जोडप्यासारखे चालत सुटले. जगायची इच्छा असलेला माणूस असंच करतो. रोज पहाटे तीनशे जण वाट बघत असताना मरून चालणार नव्हतं. तुम्हीही काकू, अंथरुणावरून जे कोणासाठी करता येतंय ते करतच असाल, आणि पुढचं पत्र जरूर लिहा, लांबलचक लिहा.

प्रश्न: ते संत आहेत का? आणि मेक्सिकोतले बाकीचे हुतात्मे कोण?

अजून संत नाहीत, धन्य आहेत, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २५ सप्टेंबर १९८८ ला रोममध्ये त्यांना धन्य घोषित केलं. श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं गेलं हे सिद्ध झालं की धन्य घोषणेसाठी चमत्काराची अट लागत नाही, संत घोषणेसाठी लागते. सण २३ नोव्हेंबरला.

याच छळातल्या २५ जणांना २१ मे २००० ला संत घोषित केलं, २२ फादर आणि तीन प्रापंचिक, फादर क्रिस्तोबाल मागायानेस आणि सोबती या नावाने. यात शस्त्र घेतलेल्या फादरांना घेतलेलं नाही आणि मला ही निवड योग्यच वाटते. या २५ मधल्या एका नावावर मी दरवेळी थांबते. फादर मातेओ कोर्रेआ. फेब्रुवारी १९२७ मध्ये दुरांगोजवळ सैन्याने त्यांना कैद्यांची कन्फेशन ऐकायला लावली आणि मग त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला सांग म्हणून पिस्तूल रोखलं. फादरनी कन्फेशनमधलं गुपित सांगायला नकार दिला, त्यांना गोळी घातली. हेच फादर मातेओ पूर्वी कन्सेप्सियोन देल ओरोला होते आणि इंजिनिअर प्रोंच्या छोट्या मिगेलला पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद, त्यांनीच दिलं होतं. देणारा आणि घेणारा, दोघेही एकाच वर्षात, नऊ महिन्यांच्या अंतराने गेले.

प्रश्न: घरच्यांचं पुढे काय झालं? आणि ऑफिसच्या कामाने मेक्सिको सिटीला जायचं आहे, कुठे दर्शन घेता येईल?

बहीण आना मारिया आणि म्हातारे वडील तेव्हा शहरातच होते. दोन मुलांची प्रेतं वडिलांच्या ताब्यात मिळाली. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला बंदी असल्यासारखंच वातावरण होतं, तरी हजारो लोक रस्त्यावर आले, शवपेट्या बाहेर येताच लोक ‘व्हिवा क्रिस्तो रे’ म्हणायला लागले आणि दोलोरेस दफनभूमीपर्यंत तेच चालू राहिलं. वडिलांनी मातीही दिली आणि मग कबरीजवळ उभं राहून स्वतःच ‘ते देउम’ म्हणायला सुरुवात केली, ते आभाराचं गीत आहे, मोठ्या आनंदाच्या दिवशी म्हणतात. मी हे कितीदा वाचलंय तरी तो बाप तिथे कसा उभा राहिला असेल ते मला अजून डोळ्यासमोर आणता येत नाही.

युद्ध जून १९२९ मध्ये समझोत्याने थांबलं, चर्चमध्ये मिस्सा परत सुरू झाली, पण घटनेतली ती कलमं बदलायला १९९२ उजाडावं लागलं.

तुम्ही जाताय तर कोलोनिया रोमा भागात साग्रादा फामिलिया, म्हणजे पवित्र कुटुंबाचं चर्च आहे, फादर प्रोंच्या अस्थी आता तिथे ठेवल्यात आणि बाजूलाच त्यांच्या वस्तूंचं छोटं म्युझियम आहे, वेळ काढून बघा. पोलीस मुख्यालय आता नाही, त्या जागी पासेओ दे ला रेफोर्मा या मोठ्या रस्त्यालगत राष्ट्रीय लॉटरीची उंच इमारत उभी आहे. तिथे गेलात तर फुटपाथवर जरा थांबा. आणि परत आल्यावर कळवा, फोटो काढलेत तर पाठवा, पुढच्या अंकात छापू.